दातांत धरलेली काडी

दौलतभाऊ मेश्राम दातांनी ऐकत. हे सांगितलं की लोक हसतात. मीही आधी हसलोच होतो. आलापल्लीच्या लाकूड डेपोत मी बाबू म्हणून नुकताच रुजू झालो होतो. एका सकाळी पाहतो तर साहेबांच्या चालू जीपवर एक बुटका माणूस ओणवा झालेला. तोंडात हातभर लांब सागाची काडी. तिचं एक टोक इंजिनावर टेकवलेलं, दुसरं दातांत घट्ट धरलेलं, डोळे गच्च मिटलेले. याला फिट आली की काय, असं वाटून मी पाणी आणायला धावलो. पाणी घेऊन आलो तर तो माणूस काडी पुसत शांतपणे म्हणाला, "मले नाई, गाडीले पाजा. रेडिएटर कोरडा आहे."

दौलतभाऊंचा डावा कान तरुणपणीच गेला होता. सागवान वाहणाऱ्या ट्रकांवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्या ट्रकांनी तो खाल्ला. उजवाही फारसा कामाचा नव्हता. काडी दातात धरली की इंजिनाच्या आतला आवाज हाडातून थेट डोक्यात जातो, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं. "कान खोटं बोलते बाबू, हाड खोटं बोलत नाई," असं ते म्हणत. त्यांच्या बायको अनसूयाबाई घरातून ओरडून ओरडून थकत आणि शेवटी पळी घेऊन बाहेर येत. मग दौलतभाऊ आम्हाला डोळा मारून म्हणत, "कुंदाच्या मायचा आवाज मले कानात येत नाई, दातात येते."

त्यांचं गॅरेज म्हणजे आष्टीच्या रस्त्याला मोहाच्या झाडाखाली चार लाकडी बल्ल्या आणि वर टिनं. मागे लागूनच घर. डेपो सुटला की मी तिथे जाऊन बसायचो, कारण आलापल्लीत एकट्या माणसाने संध्याकाळी दुसरीकडे कुठे जावं हा प्रश्नच होता. अनसूयाबाई काळा चहा द्यायच्या. रस्त्याने गाडी गेली की दौलतभाऊ बोलणं मध्येच तोडत, पायाचा तळवा जमिनीला नीट टेकवत आणि मान हलवत. "याचा मागचा बेअरिंग चालला." कधी बरोबर निघे, कधी साफ चुके. चुकलं की ते दिवसभर त्या ड्रायव्हरवरच चिडून असत. त्याने गाडीला काहीतरी शिकवून ठेवलं आहे, असा त्यांचा आरोप असे. स्वभाव भांडखोर, तोंड चालू आणि अहंकार भरपूर. त्यांना कोणी गरीब बिचारा मिस्त्री म्हटलं असतं तर त्यांनी पाना फेकून मारला असता.

साहेबांच्या त्या जीपची गोष्ट ते वारंवार सांगत. इंजिनात दोन दांडे असतात, ते एका तालात फिरावे लागतात. ते मला समजावत, "एक दांडा मेहनत करते, दुसरा इंजिनले श्वास देते. दोघायले साखळीनं बांधलं आहे, नवराबायकोवानी. ताल चुकला की संसार बंद." जीपची ती साखळी ढिली झाली होती आणि आत खळखळ वाजत होती. दौलतभाऊंनी पावसाळ्याआधी सांगितलं की बदला. साहेबांनी मनावर घेतलं नाही. हिवाळ्यात भामरागडच्या रस्त्यावर साखळी तुटली, बैल लावून जीप ओढत आणली आणि साहेब धुळीने माखून तिच्या मागून चालत आले. दौलतभाऊंनी जीपच्या टपावर हात ठेवला आणि साहेबांच्या तोंडावर म्हणाले, "सहा महिने बोंबलून राह्यली होती बिचारी. तुमीच ऐकलं नाई."

हाच त्यांचा धर्म होता म्हणा ना. रविवारी ते विहारात वंदनेला न चुकता जात, पण खरी श्रद्धा या एका गोष्टीवर होती की गाडी आधी सांगते, मग थांबते. लहान दुखणं असलं तर न सांगता थांबेल, पेट्रोलमध्ये कचरा, वायर सुटलेली, असलं काही. मोठं दुखणं मात्र महिनोन् महिने आवाज देतं. त्यांचे वडील जेवून हात धुवायला उठले आणि तांब्यासकट खाली बसले ते गेलेच. त्यावरून ते म्हणत, "न सांगता जाते तो मानूस. गाडी नाई जात." हे म्हणताना त्यांच्या आवाजात गाडीबद्दल माया असे आणि माणसाबद्दल तक्रार.

कुंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. चामोर्शीला दिली होती. जावई धानाची शेती करणारा, अबोल, भला पोरगा. रिवाजाप्रमाणे ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि गॅरेजचा नूरच पालटला. दौलतभाऊ शिव्या द्यायचे बंद झाले. पोटातल्या पोराच्या कानावर नको, असं कारण सांगत. एका संध्याकाळी कुंदा मोहाखाली खाटेवर बसून बोरं खात होती. दौलतभाऊ काडी स्वच्छ धुऊन, धोतराने पुसून तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाबा, पोटाले काडी लावता का आता?" कुंदा हसून हसून लाल झाली.

"गुमान बस. हसली का आवाज मोडते."

तिने पदर तोंडात कोंबला. त्यांनी काडीचं टोक तिच्या पोटावर अलगद टेकवलं, दुसरं दातात धरलं आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच बसले. मग काडी काढून त्यांनी अनसूयाबाईंकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला नजर वळवावी लागली. "चालू आहे," ते म्हणाले. "टायमिंग एकदम बरोबर." त्यानंतर रोज संध्याकाळी हा कार्यक्रम ठरलेला. कुंदाही मग न सांगता खाटेवर आडवी व्हायची.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि आमच्याकडेही त्या नव्या धाटणीच्या छोट्या व्हॅना दिसू लागल्या होत्या, इंजिन पुढच्या सीटखाली असलेल्या. सिरोंच्याकडच्या राजन्नाने नागपूरहून एक जुनी, पांढरी व्हॅन विकत आणली आणि आलापल्लीत भाड्याने चालवायला लागला. कुंदाचे दिवस भरत आले तेव्हा दौलतभाऊंनी ती व्हॅन मुद्दाम तपासून घेतली. सीट उचलली, काडी लावली, डोळे मिटले. आणि खूश झाले. "अबे राजन्ना, हे इंजिन हाय का देवघर? काईच आवाज नाई! साखळीची खळखळ नाई, काई नाई." राजन्ना म्हणाला की यात साखळी नसते म्हणतात, रबराचा पट्टा असतो. "असन," दौलतभाऊ म्हणाले. "जे असन ते मस्त हाय." पट्ट्यावरचं काळं झाकण त्यांनी उघडलं नाही. जे वाजतच नाही ते उघडून काय पाहायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मोहाची फुलं पडायला लागली त्या दिवसांत, एका पहाटे कुंदाला कळा सुरू झाल्या. दवाखान्यातल्या बाईंनी तपासलं आणि मूल आडवं आहे, हे इथलं काम नाही, ताबडतोब चंद्रपूरला न्या म्हणून सांगितलं. सरकारी गाडी शिबिराला गेलेली. राजन्नाची व्हॅन दारात होतीच. डेपोतली जीपही मिळाली असती, मी विचारलंही. दौलतभाऊ म्हणाले, "जीपमधी पोरगी मरन धक्क्यानं. व्हॅनच बरी." मागच्या सीटवर कुंदा, तिचं डोकं अनसूयाबाईंच्या मांडीवर. मी सलाईनची बाटली उंच धरून बसलो. दौलतभाऊ पुढे राजन्नाजवळ, काडी मांडीवर आडवी. फटफटायच्या आत आम्ही निघालो.

उजाडल्यावर, जंगलातल्या सरळ रस्त्यावर, व्हॅन थांबली. धक्का नाही, आवाज नाही, धूर नाही. इंजिन होतं ते नव्हतं झालं आणि गाडी नुसती चाकांवर घरंगळत कडेला गेली. राजन्नाने चावी फिरवली. स्टार्टर फिरला, पण फार हलका, फार भरभर. विहिरीत बादली सुटून नुसता दोर वर यावा तसा तो फिरत होता. तो आवाज माझ्या आजही कानात आहे. आज मला माहीत आहे की पट्टा तुटल्याची तीच पहिली खूण. इंजिन दाब धरत नाही म्हणून स्टार्टरला काही ओढावंच लागत नाही. त्या दिवशी दौलतभाऊ म्हणाले, "बॅटरी चांगली हाय. उतर, सीट उचल. वायर निघाली असन."

त्यांनी प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि राजन्नाला बाहेर उभं राहून चावी फिरवायला सांगितलं. ठिणगी नाही. त्यांनी ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. ठिणगी नाही. एवढ्यात मागून आष्टीकडे जाणारी सकाळची एसटी आली आणि आपणहून थांबली. कंडक्टर खाली उतरला, आत वाकून कुंदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, चढवा बाईले. मागची लांब सीट खाली करून देतो." अनसूयाबाईंनी कुंदाच्या मानेखाली हात घातलासुद्धा.

दौलतभाऊंनी वर न पाहता हात हलवला. "जाऊ द्या बस. तिच्यात लय धक्के लागतीन पोरीले. दोन मिनिटांत चालू होते हे. काई मोठं नाई, मोठं असतं तं वाजलं असतं."

कंडक्टर घुटमळला. दौलतभाऊ मिस्त्री म्हणताहेत म्हटल्यावर आम्ही तरी कोण बोलणार होतो? त्या भागात गाडीच्या बाबतीत त्यांच्यापुढे साहेबाचीही प्राज्ञा नव्हती. बेल वाजली आणि बस गेली.

मग पेट्रोल. पंपाची नळी सोडून पाहिली, चावी फिरवूनही पंप थेंब टाकीना. इथे दौलतभाऊ पहिल्यांदा थबकले. "ठिनगीबी नाई, पेट्रोलबी नाई. दोन रोग एकदम काऊन येतीन?" ते स्वतःशीच बोलत होते. त्यांनी काडी दातात धरून इंजिनाला लावली, "मार चावी." ऐकलं. पुन्हा ऐकलं. पंपाची टकटक नाही, वाल्वची टिकटिक नाही, वरच्या अंगाला सगळं सामसूम. काडी तोंडातच ठेवून त्यांनी ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं झाकण काढलं आणि आतल्या रोटरकडे पाहत पुन्हा चावी मारायला लावली. खाली इंजिन भरभर फिरत होतं. रोटर जागचा हलत नव्हता.

त्यांचा चेहरा मी समोरून पाहत होतो. ठिणगी आणि पेट्रोल, दोन्ही इंजिनाला श्वास देणाऱ्या त्या वरच्या दांड्यावर चालतात, आणि दांडाच फिरत नव्हता. त्यांनी काळ्या झाकणाचे वरचे बोल्ट घाईने सोडले, झाकण हाताने वाकवून आत दोन बोटं घातली. तेलाने चिप्प झालेला, दात झडलेला रबरी पट्टा बोटांबरोबर बाहेर आला. एका बाजूने तुटलेला. कुठलं तरी सील गळून त्यावर कित्येक दिवस तेल झिरपत होतं, आणि रबर तेलात कुजताना आवाज करत नाही. दौलतभाऊंनी तो तुकडा उलटासुलटा केला आणि राजन्नाला विचारलं, "हे काई बोललं काऊन नाई बे?"

पट्टा चंद्रपूरशिवाय मिळणार नव्हता. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता. मोहफुलं वेचणाऱ्या बाया जंगलातून बाहेर आल्या, त्यांनी लुगड्याचा आडोसा धरला, त्यांच्यातली एक म्हातारी गोंडीत काहीतरी पुटपुटत कुंदाचे तळपाय चोळत राहिली. राजन्ना आष्टीच्या दिशेने पळत सुटला. सलाईन संपलं तरी मी रिकामी बाटली धरूनच उभा होतो. दौलतभाऊ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, पण रस्त्यावर काही यायला तयार नव्हतं. ऊन चढलं. कुंदा आधी ओरडत होती, मग कण्हायला लागली, मग कण्हणंही कमी झालं. त्या शांततेची मला जेवढी भीती वाटली तेवढी कधी कशाचीच वाटली नाही.

शेवटी लाकडाचा एक ट्रक आला. कुंदाला केबिनमध्ये मागच्या फळीवर निजवलं. ट्रक सुरू झाल्यावर दौलतभाऊंनी काडी पुसली आणि तिच्या पोटावर टेकवली. ट्रकचं इंजिन एवढं गरजत होतं की त्यांना काय ऐकू येणार, असं मला वाटलं. त्यांनी जागा बदलली. पुन्हा बदलली. मग दातांतून काडी काढली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. अनसूयाबाई विचारत होत्या, "अजी, काय म्हनते? काय म्हनते?" ती काडी ट्रकमध्येच राहिली, नंतर कोणी शोधली नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळ पोटातच गेलेलं होतं, कुंदाला धुगधुगी होती. संध्याकाळी तीही गेली. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं." डॉक्टर सगळ्यांनाच असं म्हणतात, पण आम्हाला ते थोडं म्हणजे किती, हे माहीत होतं. ते एका एसटीएवढं होतं. अनसूयाबाईंनी वऱ्हांड्यात नवऱ्याला एकदाच विचारलं, "त्या बसले काऊन जाऊ देलं?" पुन्हा कधीही विचारलं नाही. त्यांनी रोज विचारलं असतं, भांडल्या असत्या, तर कदाचित बरं झालं असतं, असं मला वाटतं.

व्हॅन तशीच जंगलात उभी होती. राजन्नाने नवा पट्टा आणला, आणि तो बसवायला दौलतभाऊ स्वतः गेले. मी नको म्हणत होतो. खुणेला खूण जुळवून पट्टा चढवला, चावी फिरवली, आणि पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं. तसंच गुळगुळीत, देवघरासारखं शांत. आत काही वाकलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं. दौलतभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "काईच झालं नाई बाबू याले. काईच नाई झालं." मला त्या इंजिनाचा अजून राग येतो. निर्जीव वस्तूचा राग धरू नये हे कळतं, तरी येतो.

त्यानंतर ते गॅरेज तीन-चार महिन्यांत बसलं. दुरुस्तीला गाडी आली की तिचं काय दुखतं ते न विचारता दौलतभाऊ तिची सगळी झाकणं उघडायला लागले. धडधाकट गाडी आतून पाहिल्याशिवाय सोडत नसत. ड्रायव्हर म्हणत, भाऊ चांगली चालू तर आहे. ते म्हणत, "चालू हाय म्हंजे काय? तुले काई सांगून राह्यली का ते?" गिऱ्हाईक आष्टीला जायला लागलं. नवी काडी त्यांनी कधी केली नाही. दुपारी अनसूयाबाई डुलकी घ्यायच्या तर हे त्यांच्या नाकासमोर बोट धरून बसायचे. "जिती हाव मी," त्या डोळे न उघडता म्हणायच्या. "झोपू द्या." मी चहाला जाणं सोडलं नाही, पण तिथे बोलायला काही उरलं नव्हतं. मोहाखालची खाट उभी करून भिंतीला टेकवून ठेवली होती.

आणि मग ते रस्त्यावर राहायला लागले. रोज सकाळी आष्टीच्या दिशेने चालत निघायचे. वाटेत गाडी बंद पडलेली दिसली की बॉनेटला हातही लावायचे नाहीत. सरळ रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभे राहायचे आणि येईल ती बस, येईल तो ट्रक अडवायचे. "दुरुस्ती मंग. आधी मानसं चढवा." पंक्चर झालेलं असलं तरी तेच. पोरं हसत, ड्रायव्हर शिव्या देत, ओळखीचे मान वळवून निघून जात.

माझी चंद्रपूरला बदली झाली त्या दिवशी मी सामान घेऊन सकाळच्याच एसटीने निघालो. जंगलात बस करकचून थांबली. समोर दौलतभाऊ, हात वर. दाढी पांढरी, अंगावर तोच तेलकट सदरा. बाजूला तसलीच एक व्हॅन उभी होती आणि तिचा मालक, कुठल्या तरी लग्नाला निघालेला, बायको आणि दोन लेकरांना आत बसवून चावी मारत होता. स्टार्टर हलका, भरभर फिरत होता. मी खिडकीतून ऐकला आणि लगेच ओळखला.

"चढवा लेकरं," दौलतभाऊ मालकाला सांगत होते. "हे नाई होत आता चालू. पट्टा गेला याचा."

"तुम्ही मिस्त्री आहात का?" मालकाने विचारलं.

दौलतभाऊंनी आपल्या तेलकट सदऱ्याकडे पाहिलं. "नाई," ते म्हणाले. "पन चढवा."

मी खाली उतरलो. मालकाला म्हटलं, यांचं ऐका, खरंच ऐका. दौलतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं असावं, पण जयभीम घालायलाही त्यांचे हात मोकळे नव्हते. मालक कंडक्टरकडे पाहून हसला. "जाऊ द्या हो बस. दोन मिनिटांत होईल चालू. काही मोठं नाही." कंडक्टरने माझ्या दंडाला धरून मला वर घेतलं. ड्रायव्हरने बस मागे घेतली आणि दौलतभाऊंना वळसा घालून पुढे काढली.

मी मागच्या लांब सीटवर जाऊन काचेतून पाहत राहिलो. मालक पुन्हा चावी मारत होता. दौलतभाऊंनी तोंड फिरवून आमच्या बसकडे केलं होतं आणि वळण येईपर्यंत त्यांचे दोन्ही हात वरच होते.